यंत्रमास्तरचं गाणं

व्हँकुव्हर, ९ जानेवारी

ती. इंगुनताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार खुर्चीत बसूनच करतोय, सोमवारपासून कंबर धरली आहे.)

तुझा विनार्तेर्ता केक पोचला. नाताळ उलटून गेल्यावर पोचला, पण सगळे थर शाबूत होते. अर्धा मी खाल्ला, अर्धा सेटवर नेला आणि तिथे लगेच पस्तावलो, कारण मला एक तुकडासुद्धा उरला नाही.

आता बातमी. आमच्या मालिकेत गाण्यांचा भाग होणार आहे. अंतराळयानात, ताई. पाच वर्षं आम्ही ‘पेत्रेल’ यानावर गंभीर तोंडं करून लोकांना अणुभट्टी आणि गुरुत्वाकर्षण समजावत आलो, आणि आता एका भागात सगळे जण उभे राहून गाणार. कारण काय, तर यान एका ढगातून जातं आणि त्या ढगामुळे माणसाच्या मनात दडलेलं सगळं गाण्यातून बाहेर पडतं. मी जेवणाच्या सुट्टीत म्हटलं की ढग माणसाला खरं बोलायला लावतो इथवर ठीक, पण त्या बिचाऱ्याला यमक जुळवायला कुणी शिकवलं? सगळे हसले. मुख्य लेखिका हसली नाही.

आणि गंमत म्हणजे मला गाणं आहे. एकट्याचं, अख्खं. यानाचा यंत्रमास्तर म्हणून मी दर भागात “दाब वाढतोय” म्हणतो आणि शेवटाकडे “दाब उतरला” म्हणतो, याची तुला कल्पना आहेच. तू जन्मभर शाळेत मुलांना गाणं शिकवलंस, मलाही चर्चच्या गायकांत तूच उभं केलंस. तेव्हा खरं सांग, विज्ञानाच्या मालिकेत असलं काही शोभतं का? फोनवर विचारलं असतं, पण मागच्या खेपेला मी भाऊजींची तब्येत विचारत होतो आणि तू बर्फाबद्दल सांगत होतीस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
स्काप्ती


गिमली, २१ जानेवारी

चि. स्काप्तीस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक कमरेला वेगळा.

शोभत नाही. विचारलंस म्हणून सांगते. गाण्याला कारण लागत नाही. माणूस भांडी घासताना गातो, त्याला कुणी का गातोस म्हणून विचारत नाही. तुमच्या मालिकेत मात्र प्रत्येक गोष्टीला कारण द्यावं लागतं, दरवाजा उघडला तरी. मग तुम्ही गाण्यालाही कारण देता, ढग वगैरे, आणि कारण दिलं की गाणं ओशाळतं. पाहुण्याला दारातच का आलात विचारलं तर तो बसेल का? इतकं असून तुझं गाणं मी ऐकणारच. शब्द लिहून पाठव, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा करून परत पाठवते. तू वाक्य संपायच्या आत श्वास घेतोस, लहानपणापासून.

आता माझं. डावा कान गेलाच आहे. उजव्यात थोडं उरलंय, तेही खालचे सूर, वरचे नाहीत. याहून मोठी पंचाईत तुझ्या भाऊजींची, लारुसची. झटका आल्यापासून त्याचा आवाज इतका बारीक झालाय की मला काहीच कळत नाही, आणि उजव्या हाताने त्याला लिहिता येत नाही. तो काहीतरी सांगतो, मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. मग तो चिडतो, मी रडते, मग आम्ही कॉफी पितो.

विनिपेगच्या डॉक्टरांनी कानाच्या आत एक यंत्र बसवायचं सुचवलंय. म्हणाले, त्याने बोलणं पुन्हा कळायला लागेल. मात्र उजव्या कानात जे उरलंय ते बहुधा जाईल. मी गाण्याचं विचारलं. टेबलाकडे बघत म्हणाले, गाणं सहसा गाण्यासारखं परत येत नाही. माझं नाव यादीत घातलंय, वर्ष तरी जाईल म्हणे. तेव्हा तुझ्या भागाची चिंता नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई,
इंगुन


व्हँकुव्हर, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या खुणा केलेला कागद घेऊनच मी ध्वनिमुद्रणाला उभा राहिलो. आमच्याकडची पद्धत अशी, की ऑगस्टिन नावाचा धंद्यातला गायक आधी सगळी गाणी गाऊन ठेवतो, नटांनी ती ऐकून शिकायची. मग आपण आपल्या आवाजात मुद्रित करायची. नंतर चित्रीकरणात तेच वाजवतात आणि आपण ओठ हलवायचे. ऑगस्टिनचा गळा म्हणजे लोणी. त्याच्यानंतर उभं राहणं म्हणजे तू विनार्तेर्ता ठेवलेल्या टेबलावर मी केलेली खिचडी ठेवण्यासारखं. पण मी गायलो. कसा गायलो मला विचारू नकोस. मी पडद्यावर स्वतःला बघत नाही आणि ऐकतही नाही, हे आख्ख्या युनिटला माहीत आहे. संपल्यावर कानावरचं काढलं आणि बाहेर येऊन कॉफी घेतली.

आता तुझ्याशी भांडतो. माझं मत बदललंय. यानाचं इंजिन विझत चाललेलं असतं, यंत्रमास्तर त्याच्या अंगावर हात ठेवून गातो, “अजून जराशी धग ठेव, मी कुठे जाऊ?” बस, एवढंच. पाच वर्षं मी दाबाबद्दल बोललो, ताई, पण त्या माणसाला त्या इंजिनाशिवाय जगात कुणी नाही हे मी कधी बोलू शकलो नसतो. बोलून दाखवलं असतं तर लोक हसले असते. गाण्यात म्हटलं तर कुणी हसलं नाही. ढगाचं कारण खुळचट आहे, मान्य. पण दारात विचारूनही पाहुणा आत येऊन बसला.

मे महिन्यात दाखवणार. त्याआधी घराबाहेर काही न्यायचं नाही, तशी सही घेतली आहे. तुझा कान तोवर सांभाळ. टोपी घालतेस ना?

आठवण ठेव, रागावलीस तरी चालेल.
तुझा,
स्काप्ती


गिमली, ३ मार्च

चि. स्काप्तीस,
अ. आ.

विनिपेगहून चिठ्ठी आली. कुणीतरी नाव मागे घेतलं म्हणून मला ८ एप्रिलची तारीख देतायत. नको म्हटलं तर यादीच्या शेवटी.

ज्या सकाळी चिठ्ठी आली त्या सकाळी लारुस मला काहीतरी सांगत होता. पुन्हा पुन्हा सांगितलं. मी आपली मान हलवत होते. शेवटी तो उठला, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेला आणि शेगडी बंद केली. दुधाचं भांडं करपून काळं झालं होतं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि लगेच होकार कळवला.

तेव्हा तुझं गाणं मेमध्ये आणि माझा कान एप्रिलमध्ये. मी दोन दिवस कुणावर रागवावं याचा विचार करत होते. कुणी सापडलं नाही. तारीख देणाऱ्यांनी चांगुलपणाच केला, तुझ्या लोकांना त्यांची तारीख आहे. तुझं भांडण मला पटलं होतं, हेही सांगून ठेवते. आता ते खरं की खोटं हे पारखायची सोय राहिली नाही.

गोठलेल्या तळ्यावर अजून गाड्या जातायत. मासे बरे मिळतायत. काळजी करू नकोस, करून काही होणारही नाही.
तुझी ताई,
इंगुन


व्हँकुव्हर, २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. घाईत वि. वि.

सोबत एक तबकडी आहे. तीत माझं गाणं आहे. सहीबिही केली होती ती केली होती. चित्रीकरण संपलं, सगळी गाणी तयार आहेत, आणि आमच्या ध्वनिखात्यातली लिगाया मला नाही म्हणाली नाही. तशी तीन वेळा म्हणाली, चौथ्यांदा मात्र हो म्हणाली. इतके आढेवेढे का घेत होती कळलं नाही, नोकरीची भीती असणार. तबकडी ऐकून झाली की तिच्याच पत्त्यावर परत पाठव, आत कागदावर आहे.

मी ऐकलेली नाही, तुला माहीत आहेच. भाऊजींचे मोठे स्पीकर जमिनीवर ठेव, उजवा कान तिकडे कर, हात स्पीकरवर ठेव. खालचे सूर ऐकू येतात म्हणालीस. मी खालच्याच पट्टीत आहे.

कशी झाली ते खरं लिही. तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं मत मला नको.

८ तारखेला सगळं नीट पार पडो.
तुझा,
स्काप्ती


गिमली, ३० मार्च

लिगायाबाई यांस,
अनोळखी माणसाचा स. न. वि. वि.

तबकडी परत पाठवते आहे. तुम्ही धोका पत्करलात, त्याबद्दल जन्मभर आभारी राहीन. एक विचारते, राग मानू नका. हा माझा भाऊ नाही ना?

मला आता फार थोडं ऐकू येतं, पण त्याला मीच शिकवलंय. स्काप्ती सुरापर्यंत जिना चढून जातो, धापा टाकत. हा गाणारा थेट गच्चीत उतरतो. सुंदर गातो, खरंच. गोंधळ असा झाला, की श्वास स्काप्तीचेच आहेत. मी कागदावर खुणा केल्या होत्या तिथेच घेतलेले, आणि एका ठिकाणी वाक्य संपायच्या आत, जिथे घेऊ नको म्हणून मी दोनदा रेघ मारली होती. माझ्या भावाच्या छातीतून दुसराच माणूस गातोय.

त्याला मी लिहिलंय, की ऐकलं, पोटभर ऐकलं, श्वास छान घेतलेस. यातलं काही खोटं नाही. तो या गाण्याने इतका खूश आहे की पुढचं लिहवलं नाही. तुमच्याकडे त्याचा स्वतःचा आवाज असेल तर ८ तारखेच्या आत पाठवता येईल का? त्यानंतर मला उपयोग नाही. फोन मला ऐकू येत नाही आणि घरात दुसरं कुणी बोलू शकत नाही, म्हणून पत्राने त्रास देते.

तुमची ऋणी,
इंगुन


बर्नबी, १४ एप्रिल

आदरणीय इंगुनताई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र स्टुडिओच्या टपालात पडून राहिलं. आम्ही दुसऱ्या भागासाठी बाहेर होतो. काल हातात आलं. ८ तारीख तेव्हाच उलटून गेली होती. मला क्षमा करा.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. चित्रीकरणात स्काप्तींचाच आवाज वाजवला होता. नंतर वरच्या लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, बाकीच्या गाण्यांत हे बसत नाही. ऑगस्टिनला बोलावलं, त्याने पडद्यावर स्काप्तींचे ओठ बघत बघत पुन्हा गायलं. श्वास मी ठेवले. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तोंड हलतंय आणि श्वास दुसऱ्याचा, हे मला बघवेना. स्काप्तींना कुणी सांगितलं नाही. ते स्वतःला ऐकत नाहीत, मग कशाला दुखवा, असं ठरलं. त्यांनी तबकडी मागितली तेव्हा मी टाळत होते ते यासाठी. शेवटी तयार होतं तेच दिलं. वाटलं, बहिणीला निदान चांगलं गाणं मिळेल. खरा आवाज द्यायची हिंमत तेव्हा करायला हवी होती.

तो आता पाठवते आहे. उशीर झाला हे माहीत असून पाठवते आहे.

तुमची तब्येत सुधारो.
लिगाया


व्हँकुव्हर, २४ मे

ती. इंगुनताईस,
सा. न. वि. वि., अगदी उड्या मारत.

भाऊजींनी डाव्या हाताने लिहिलेली ओळ मिळाली, शस्त्रक्रिया नीट झाली, यंत्र सुरू झालं. ते अक्षर बघून मी स्वयंपाकघरात एकटाच हसलो आणि मग जरा वेळ हसलो नाही.

तो भाग दाखवला! अर्ध्या चाहत्यांनी शिव्या घातल्या. विज्ञान मेलं, मालिका मेली, लेखिकेला ढगात सोडा. पण माझ्या गाण्याला कुणी काही म्हटलं नाही, ताई. शिव्या घालणाऱ्यांनीही शेवटी लिहिलंय, की यंत्रमास्तर तेवढा सोडून. किराणा दुकानातल्या बाईने मला थांबवलं आणि तिचा नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली असं म्हणाली. मी भाज्यांची पिशवी धरून उभा.

मी अर्थातच बघितलं नाही. पण कधी नव्हे ते वाटलं की बघावं.

जूनमध्ये कॅलगरीला चाहत्यांचा मोठा मेळावा आहे. तिथे मी मंचावर गाणं म्हणावं असं त्यांनी बोलावलंय. मी हो म्हटलं! या वयात. रोज अंघोळीच्या वेळी सराव करतो, शेजारी भिंत ठोकतो.

तू पाहिलंस का? नव्या कानाने कसं वाटलं?
तुझा फुगलेला,
स्काप्ती


गिमली, २ जून

चि. स्काप्तीस,
अ. आ. हे पत्र बसून वाच.

पाहिलं. पडद्याखाली शब्द येत होते आणि तुझा हात इंजिनावर होता. तू फार चांगलं काम केलंस. माझ्या नव्या कानात मात्र पातेल्यात चमचे हलवल्यासारखं काहीतरी होतं. गाणं सुरू केव्हा झालं हेही मला तुझ्या ओठांवरून कळलं.

आता जे सांगायचं ते तीन दिवस टाळतेय. तू कॅलगरीला हो म्हटलंस म्हणून टाळता येत नाही. त्या गाण्यात तुझा आवाज नाही. ऑगस्टिनचा आहे. मार्चमध्येच तबकडीवर ओळखलं होतं. श्वास तेवढे तुझे ठेवलेत. लिगायाला दोष देऊ नकोस, तिने ठेवले म्हणून तेवढे तरी राहिले. मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आनंदात होतास आणि मला वाटलं हे इथेच मिटेल. मिटलं नाही.

तुझा खरा आवाज लिगायाने नंतर पाठवला. तोवर माझा कान गेला होता. मी तबकडी लावली आणि लारुसला ऐकायला बसवलं. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. आता त्याचं बोलणं मला कळतं, सावकाश बोलला की. तो म्हणाला, वरचा सूर लागला नाही. मग म्हणाला, स्काप्तीच आहे.

म्हणजे तुझी माणसं चुकली असंही मला म्हणता येत नाही, आणि बरोबर होती असंही म्हणवत नाही. माझं मत तुला हवं होतं. ते द्यायला माझ्याकडे कानच नाही रे.

जायचं की नाही ते तू ठरव. मी काही सुचवू शकत नाही.
तुझी,
ताई


व्हँकुव्हर, २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. मी निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र मिळालं. आधी वाटलं, आजारी पडावं. मग वाटलं, एकदा ते गाणं ऐकून बघावं. तो भाग लावला आणि पहिल्यांदा स्वतःला बघितलं. काय सुंदर गातोय तो माणूस! मीच रडलो असतो, दुकानातल्या बाईसारखा.

मंचावर उभं राहून सांगायचं ठरवलं होतं की मित्रांनो, हा मी नव्हेच. माइक हातात घेतला, पहिला शब्द काढायच्या आत पुढच्या रांगेतल्या कुणीतरी गाणं सुरू केलं. मग सगळ्यांनी. हजारो माणसं, ताई, चांदीच्या रंगाचे पोशाख घातलेली, खोटे कान लावलेली, अगदी मोठमोठे पुरुषसुद्धा. सगळ्यांना शब्द पाठ. माझं गाणं माझ्यासमोर म्हणत होते, आणि त्यात माझा आवाज नाही, ऑगस्टिनचा नाही, कुणाचाच नाही. मी तोंड उघडलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मी नुसता श्वास घेत उभा राहिलो. खुणा केल्यास तिथे.

संपल्यावर सांगायचं राहिलंच. एक बाई येऊन माझा हात धरून उभी होती, तिला काय सांगू? ऑगस्टिनला फोन केला. तो म्हणाला, मला पैसे मिळालेत काका, गाणं तुमचंच आहे.

मी पहिल्या पत्रात विचारलं होतं ते, शोभतं की नाही, त्याचं उत्तर मला आता देता येईल असं वाटलं होतं. येत नाही. लोकांसाठी शोभलं. माझ्यासाठी काय झालं कळत नाही.

ऑगस्टमध्ये तिकडे येतो. तुझ्यासमोर बसून एकदा गाईन म्हणतो. माझ्या आवाजात, वरचा सूर न लागता.
तुझा,
स्काप्ती


गिमली, २८ जून

चि. स्काप्तीस,
अनेक आशीर्वाद.

ये. जरूर ये. तळं मोकळं झालंय, लारुस पायरीवर बसून नावा मोजतो आणि मला सांगतो. मी ऐकते. काल त्याने एक विनोद सांगितला. जुनाच होता, पण मी हसले ते ऐकून हसले.

गाऊ नकोस मात्र. माझ्यासाठी ते चमचेच होतील, आणि तू गाताना मी चमचे ऐकतेय हे तुझ्या लक्षात येईल. त्यापेक्षा गाण्याचे शब्द नुसते बोल. स्वयंपाकघरात, समोरच्या खुर्चीत, सावकाश. तुझं बोलणं मी या कानाने अजून ऐकलेलं नाही.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला वाईट वाटणार नाही. या यंत्रातून सगळी माणसं सारखीच बोलतात. डॉक्टर, दुकानदार, शेजारीण, रेडिओवरचा बातम्या देणारा. लारुसही. शब्द कळतात, माणूस कळत नाही. सवयीने थोडं सुधारेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत. डोळे मिटले तर समोर तू बोलतोयस की आणखी कुणी, हे मला सांगता यायचं नाही.

म्हणून मी डोळे मिटणार नाही. तूही तोंड फिरवून बोलू नकोस.

वाट बघते.
तुझी,
इंगुनताई